गव्हाच्या रंगाचा कागद

मार्थाबाई पहिल्यांदा आमच्या दारात आल्या त्या इंग्रजी वर्तमानपत्र मागायला. शेजारणी एकमेकींकडे विरजण मागतात, कढीपत्ता मागतात, पाहुणे आले की खुर्च्या मागतात. वर्तमानपत्र, आणि तेही इंग्रजी, मागणारी शेजारीण मला तोवर भेटली नव्हती.

“बाई, तुमच्या घरी इंगरजी पेपर येते म्हनतात. एक पान द्या जी. शिळं असलं तरी चालते.”

सत्तरीच्या आसपासचे वय, पांढरे सुती पातळ, कोपरापर्यंत बाह्यांचे पोलके. मी शाळेत इंग्रजी शिकवीत असे, त्यामुळे मला फारच बरे वाटले. आदल्या दिवशीचा सबंध अंक त्यांच्या हातात देऊन मी म्हटले, “रोज वाचता का? मग रोज नेत जा.”

“मले वाचता कुठं येते?” त्या म्हणाल्या. “मराठीबी येत नाही.” आणि अंक काखेत धरून निघून गेल्या.

आमच्या आणि त्यांच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती. थोड्या वेळाने मी तिच्यावरून पाहिले. शेगडीवर जर्मनचा मोठा गंज, म्हणजे अॅल्युमिनियमचे उभट पातेले, ठेवला होता, तळाला वाळू, वर झाकण आणि झाकणावर निखारे. मार्थाबाई माझ्या वर्तमानपत्राचे तळहाताएवढे तुकडे करीत होत्या. एक तुकडा त्यांनी चिमट्याने गंजात सोडला, झाकण ठेवले, ओठ हलवत काहीतरी मोजले आणि तुकडा बाहेर काढून उजेडात धरला. तो करपून काळा झाला होता. त्यांनी झाकणावरचे दोन निखारे उचलले आणि दुसरा तुकडा टाकला.

“कागद कोरा निंगाला म्हंजे भट्टी झोपली आहे,” माझ्याकडे न पाहताच त्या म्हणाल्या. “काळा झाला म्हंजे रागात आहे. गव्हाच्या रंगाचा झाला का मंग ते आपलं ऐकते.”

“पण त्याला इंग्रजी कागदच कशाला हवा?”

“मिससायेब इंगरजीच टाकत होत्या. मराठी कसा जळते मले मालूम नाही. सनाच्या कामात कायले रिक्स घ्याची?”

इरा, नील, परवा तुम्ही फोनवर मला तुमच्याकडच्या दुकानातली ईस्टरची बिस्किटे दाखवलीत. गोल, कडेला नक्षी, अंगात काळे मनुके, आणि तीन-तीनची चळत फितीने बांधलेली. आजीला हे काय ते ठाऊक नसणार असे धरून तुम्ही मला सगळे नीट समजावून सांगितलेत. छान सांगितलेत, म्हणून मी मध्ये बोलले नाही. पण ती बिस्किटे मी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला ओळीने नऊ वर्षे खाल्ली आहेत. ती करणाऱ्या बाईविषयी लिहून ठेवते.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा वर्षभर झाले असेल. शाळेच्या भिंतीवर जुनाच नकाशा होता. नवा येईना, तेव्हा मी त्यावर लाल पेन्सिलीने नवी हद्द आखून टाकली. अपुरे किंवा चुकीचे काही भिंतीवर टांगलेले मला बघवत नाही. हा माझा स्वभाव पुढच्या गोष्टीत येणार आहे, म्हणून आधीच सांगितला. तुमचे आजोबा जवाहरनगरच्या सरकारी फॅक्टरीत होते. मार्थाबाईंचा मुलगा दानियलही तिथेच होता, आणि सून सुनीता वसाहतीतल्या शाळेच्या कार्यालयात काम करीत असे. सगळ्या वसाहतीचा दिवस भोंग्यावर चालायचा. मार्थाबाईंचाही. दुपारचा भोंगा झाला की त्या पहिला घाणा लावीत आणि पाळीच्या बसगाड्या परत येईपर्यंत शेवटचा काढीत.

त्या मूळच्या लाखांदूरकडच्या. चौदाव्या वर्षी त्यांना भंडाऱ्यात एका इंग्रज नर्सबाईंच्या बंगल्यावर कामाला ठेवले गेले. या नर्सबाई म्हणजे ‘मिससायेब’. मार्थाबाईंच्या बोलण्यात त्या इतक्या वेळा यायच्या की कधीकधी मला वाटे, त्या आत खोलीत बसल्या आहेत आणि आत्ता हाक मारतील. “मिससायेब म्हनत, हात धुतले का? मी म्हनो, धुतले. मंग त्या म्हनत, पुन्हा धू.” मार्थाबाई सत्तराव्या वर्षीही मैद्याला हात लावण्यापूर्वी दोनदा हात धूत. पहिल्यांदा आपल्यासाठी आणि दुसऱ्यांदा मिससायेबांसाठी.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस त्या उपासाचे धरीत. गोड खात नसत. चौथ्या आठवड्यात तयारी सुरू होई. लाखांदूरहून त्यांची भाची एस. टी. ने येऊन एक गाठोडे देऊन जाई. ते त्या अंगणात कधीच सोडत नसत. मग दालचिनी, जायफळ कुटणे, साखर बारीक करणे, लोणी जमवणे. मैदा, लोणी, साखर आणि अंड्याचा पिवळा भाग एकत्र मळून त्या जाडसर पोळी लाटीत, स्टीलच्या वाटीने गोल कापीत आणि कडेवरून करंजीचे कातणे फिरवीत. मिससायेबांकडे यासाठी विलायती साचा होता, तो त्या विलायतेला परत जाताना घेऊन गेल्या. “साचा गेला त जाऊ दे,” मार्थाबाई म्हणत, “बिस्कुटाले थोडी मालूम आहे का कातनं करंजीचं आहे.” वरून अंड्याचा पांढरा भाग आणि साखर. भाजून गार झाली की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणून तीन-तीनची जुडी बांधायची. पहिल्या वर्षी त्या जुड्या चिंध्यांनी बांधत होत्या. माझे माहेर पवनीचे, विणकरांचे. भावाच्या मागावर उरलेल्या रंगीत सुताची लडी मी दुसऱ्या वर्षी त्यांना आणून दिली. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, “आता हे लगनातल्यावानी दिसन.”

पहिल्याच वर्षी मी विचारले होते, “हे काळे काळे मनुके का?”

“हव, तसंच काही,” त्या म्हणाल्या आणि निखारे सारू लागल्या.

मनुके ते नव्हते, एवढे मला कळले होते. मनुक्याला असा वास नसतो. किंचित धुराचा, किंचित गुळाचा, आणि मागे काहीतरी आणखी. तिसऱ्या वर्षी त्यांनी मला सांगितले. तोवर त्या माझ्या घरी खुर्चीवर बसू लागल्या होत्या. त्याआधी दोन वर्षे पायरीवर बसत.

लढाईचे दिवस होते. विलायतेहून मिससायेबांचे पार्सल दरवर्षी येई, त्यात बिस्किटांसाठी काळ्या मनुक्यांचा डबा असे. त्या वर्षी पार्सल आले नाही. मिससायेब दवाखान्यात होत्या, संध्याकाळी पाहुणे यायचे होते, आणि चौदा-पंधरा वर्षांची मार्था मळलेल्या पिठासमोर बसून रडत होती. तिच्या गाठोड्यात गावाकडून आलेली सुकवलेली मोहफुले होती. तिने त्यातले केसर काढले, गरम पाण्यातून फुले काढली, तव्यावर परतली, बारीक चिरली आणि घातली.

“मिससायेबनं एक खाल्लं. मंग दुसरं खाल्लं. मंग इचारलं, मार्था, हे काय आहे? मी सांगतलं. त्या म्हने, मले झाड दाखव.” दुसऱ्या दिवशी सकाळी मार्थाने त्यांना बंगल्यामागचे मोहाचे झाड दाखवले. खाली फुलांचा सडा पडला होता. मिससायेबांनी एक फूल उचलून, पुसून, तोंडात टाकले. “पुढच्या साली पारसल आलं. डब्बा त्याहीनं उघडलाच नाही. मले म्हने, तुहं तेच टाक. फक्त कोनाले सांगू नको. बाकीचे सायेब लोक नाक मुरडतीन.”

“आणि तुम्ही कोणालाच सांगितले नाही?”

“कोनालेच नाही. तुमाले सांगून राहिली.”

मी तेव्हा एक वही केली होती. मार्थाबाईंचे माप म्हणजे मिससायेबांचा कान तुटलेला कप. तो मी घरी आणून, वजन करून, ग्रॅममध्ये लिहून घेतला. गंज किती वेळ तापतो, एक घाणा किती मिनिटांत होतो, तेही लिहिले. त्या हे सगळे भिंतीपलीकडून बघत असत. एकदा म्हणाल्या, “बाई, लिवलेली गोष्ट पक्की होते. मंग ते कोनाचं ऐकत नाही.” मला ते एका निरक्षर बाईचे बोलणे वाटले. मी मान हलवली आणि तारीख टाकली.

भंडाऱ्याच्या रस्त्याला त्यांच्या ख्रिस्ती मंडळीचे छोटे कौलारू प्रार्थनागृह होते. ईस्टरच्या सकाळी उपासना झाली की ओसरीत टेबल मांडून चहा होत असे, आणि टेबलावरचे पहिले ताट मार्थाबाईंचे. मिससायेब गेल्यापासून हा रिवाज होता. लोक म्हणत, “मार्थाबाईचे बिस्कुट आले का?” त्यानंतर चहा ओतला जाई. त्यांच्या आयुष्याचा विचार करा. लहानपणी मोलकरीण, पुढे दवाखान्यात झाडूकाम, वैधव्य, मग मुलाच्या घरी. दानियलची आई, सुनीताची सासू, बंगल्यावरची मार्था, असेच त्यांना ओळखत. त्यांच्या स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी जगात एकच वस्तू होती आणि ती वर्षातून एक सकाळ टेबलावर असे.

ती मी घालवली.

चौथ्या वर्षी वसाहतीच्या महिला मंडळाने पाककला स्पर्धा ठेवली. ईस्टरला तीन आठवडे होते. मी मार्थाबाईंच्या मागे लागले. त्या नको म्हणत होत्या. “माहे दात पडले, मी कायले स्पर्धेत जाऊ?” शेवटी माझ्या शब्दासाठी त्यांनी एक घाणा काढून दिला. स्पर्धेचा नियम असा की प्रत्येक पदार्थाशेजारी साहित्य आणि कृती लिहिलेले कार्ड हवे. ते मी रात्रीच्या जेवणानंतर टेबलाशी बसून सुवाच्य अक्षरात लिहिले. मैदा, लोणी, पिठीसाखर, अंडी, दालचिनी, जायफळ. आणि शेवटी, मोहफुले, सुकवलेली, अर्धा कप. माझ्या मनात एकदाही शंका आली नाही. साहित्याच्या यादीत साहित्य लिहायचे असते.

मार्थाबाई स्पर्धेला माझ्याशेजारी उभ्या होत्या. कार्डाकडे त्यांनी कौतुकाने पाहिले. “तुमचं अक्षर मोत्यावानी आहे,” म्हणाल्या. त्यावर काय लिहिले आहे ते मी त्यांना वाचून दाखवले नाही. दाखवायला हवे होते.

बक्षीस उत्तेजनार्थ मिळाले. पण बक्षिसाआधी कार्ड वाचले गेले. त्यांच्या मंडळीतल्या तीन बायका तिथे होत्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसले. “मोह? दारूचा मोह?” दुसरी म्हणाली, “प्रार्थनेच्या घरात इतकी वर्षं आमी हे खाऊन राहिलो?” हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले. मार्थाबाईंनीही ऐकले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग कार्डाकडे पाहिले, आणि ताट रुमालाने पुन्हा झाकले.

आठ दिवसांनी सुनीता शाळेतून येताना निरोप घेऊन आली. यंदा बिस्किटे भंडाऱ्याच्या बेकरीतून आणायची, मार्थाबाईंनी या वयात त्रास घेऊ नये, असे मंडळीच्या पंचांचे म्हणणे होते. निरोप मऊ शब्दांत होता, सुनीता मऊ नव्हती. भिंतीपलीकडून मला सगळे ऐकू येत होते.

“आई, सगळ्यायसमोर मले मान खाली घालाले लावली तुमी. मोहाशिवाय दुसरं काही भेटलं नाही का? लोक म्हनतीन, जंगलातले ते जंगलातलेच राहिले.”

मी दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हा मार्थाबाई पायरीवर तांदूळ निवडत होत्या. मी माफी मागितली. इंग्रजीत जशी मागतात तशी, पूर्ण वाक्यांत, कारणांसहित.

“तुमची काय गलती?” त्या म्हणाल्या. “तुमाले खरं लिवाची आदत आहे. मिससायेबनं सांगतलं होतं, कोनाले सांगू नको. मी सांगतलं. ते माहं चुकलं.” त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. “पन एक वेळा मले इचाराले पायजे होतं, बाई.”

तरी मी गप्प बसले नाही. चूक झाली की ती ताबडतोब दुरुस्त करायची असे मला शिकवले गेले होते. मी नागपूरला जाऊन खऱ्या काळ्या मनुक्यांचे पाकीट आणले. एका मोठ्या दुकानात बराच शोध घेतल्यावर मिळाले. ते नेऊन त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हटले, “हे घाला. मूळ कृतीत हेच आहे. मग कोणाला काही बोलायला जागा राहणार नाही.”

त्यांनी एक मनुका तोंडात टाकला. पुढच्या चार दातांनी बराच वेळ चावला.

“गोड आहे,” त्या म्हणाल्या. “याचं झाड कसं असते जी?”

मला ठाऊक नव्हते. द्राक्षाचाच वेल, पण कुठला, केवढा, ते मी पाहिले नव्हते.

“मलेबी मालूम नाही. ज्याचं झाड मी पाह्यलं नाही ते माह्या हातानं कसं टाकू?” पाकीट त्यांनी माझ्या हातात परत दिले. त्यानंतर तीन दिवस त्या वर्तमानपत्र मागायला आल्या नाहीत, आणि मला वाटले, संपले.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दुपारचा भोंगा झाला आणि दारात मार्थाबाई. “बाई, इंगरजी पान.”

त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त घाणे काढले. लोणी कमी पडले तेव्हा मी माझ्याकडचे दिले. मोहफुले या वेळी त्यांनी अंगणात, सगळ्यांच्या देखत, सुपात पसरली होती. येणारे-जाणारे बघत होते. सुनीता घरात दार लोटून बसली होती. संध्याकाळी भिंतीवर दोन मोठे डबे ठेवून मार्थाबाई म्हणाल्या, “सकाळी चालाचं आहे. एक डब्बा मी धरीन. दुसरा तुमी धरा. तुमी लिवलं, त तुमीच धरा.”

हे त्या हसत म्हणाल्या की रागाने, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. मी डबा धरला.

उपासना होईपर्यंत आम्ही दोघी एकत्र नव्हतो. त्या आत, मी ओसरीत. टेबलावर बेकरीची बिस्किटे ट्रेमध्ये मांडून तयार होती, चौकोनी, एकसारखी. लोक बाहेर आले. मार्थाबाईंनी टेबलाला हातही लावला नाही. त्यांनी डबे ओसरीच्या कट्ट्यावर ठेवले, झाकणे काढली आणि वळल्या.

“याच्यात मोह आहे,” त्यांनी मोठ्याने सांगितले. “मिससायेब होत्या तवापासून आहे. तुमी सगळ्यायनं खाल्ला आहे. मी सांगतलं नाही, ते माहं चुकलं. आता सांगून राहिली. ज्याले पायजे त्यानं घ्या, ज्याले नको त्याच्यासाठी तठी बेकरीचे आहेत.”

कपबश्यांचा आवाज थांबला. मंडळीतल्या एक बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “मार्थाबाई, आज सनाच्या दिवशी हे कायले काढलं?”

“मंग कोनच्या दिवशी काढू? बिस्कुट त आजच राहते.”

सुनीता दानियलच्या मागे उभी होती. तिची नजर जमिनीवर होती. मी डब्याजवळ उभी राहून उगाच सुताच्या गाठी नीट करीत होते. मग काठीचा आवाज आला. याकोबबाबा म्हणून मंडळीतले सगळ्यांत म्हातारे गृहस्थ होते, ऐंशीच्या पुढचे. ते कट्ट्यापर्यंत आले, एक जुडी उचलली, सूत सोडवायला त्यांना वेळ लागला. कोणी मदत केली नाही. त्यांनी एक बिस्किट नाकाशी नेले आणि मग खाल्ले.

“मोहच आहे,” ते म्हणाले. “मले पयल्या सालापासून मालूम आहे.”

“मंग बोलले काहून नाही, बाबा?” त्याच बाईंनी विचारले.

“बोललो असतो त तू इचारलं असतं, बाबा, तुमाले मोहाची चव कशी मालूम? मंग सांगा लागलं असतं का आमच्या घरी उनाळ्याचे दोन महिने मोहच शिजे. धान संपून जाये. माह्या मायनं त्याच्यावर आमाले जगवलं.” त्यांनी दुसरे बिस्किट उचलले. “दारूबी होते त्याची, नाही कोन म्हनते? अंगूराची नाही होत का?”

कोणीतरी हसले. एक म्हातारी पुढे आली, मग तिची बहीण, मग आणखी काही. सगळे आले असे मी लिहिणार नाही, कारण तसे झाले नाही. डब्यांमध्ये चाळीस जुड्या होत्या, त्यांतल्या सतरा गेल्या. ट्रेमधली बिस्किटेही खाल्ली गेली. पंचांपैकी एकाने दोन्हीकडची घेतली. उरलेल्या तेवीस जुड्या आम्ही परत आणल्या आणि मार्थाबाईंनी त्या क्वार्टरच्या दोन ओळींत घरोघर वाटल्या. प्रत्येक दारात आधी सांगून. “मोहाचे आहेत. पायजे का?” पलीकडच्या मेश्रामताई म्हणाल्या, “इचारता काय, सासू मेल्यापासून मोह चाखला नाही. दोन जुड्या द्या.” “एकच भेटन,” मार्थाबाई म्हणाल्या, “तीन म्हंजे तीन.”

पुढल्या वर्षापासून टेबलावर दोन ताटे असत. पहिले कोणते, हा प्रश्न कोणी काढला नाही. मार्थाबाईंचे ताट आले की चहा ओतायचा, हे मात्र पुन्हा तसेच सुरू झाले. आणि देताना आधी सांगायची सवय त्यांना लागली ती कायमची. चहा दिला तरी सांगत, “याच्यात आलं आहे जी.”

आमचे जवाहरनगरचे शेवटचे ईस्टर आले, तेव्हा मार्थाबाईंना उभे राहवत नव्हते. अंगणात बाज टाकून त्यांना तिच्यावर बसवले होते. पीठ सुनीता मळत होती. त्याआधी दोन वर्षांपासून ती मळू लागली होती. कशी सुरुवात झाली हे मी विचारले नाही. हात तिने दोनदा धुतले. भट्टीकडे मी होते. गंज तापला, निखारे ठेवले, आणि मग लक्षात आले की घरात इंग्रजी कागद नाही. बदलीच्या आवराआवरीत मी आदल्याच दिवशी सगळी रद्दी देऊन टाकली होती.

“मराठी पेपर आणू?” मी विचारले.

मार्थाबाईंनी सुनीताला खूण केली. सुनीताने आतून मैद्याचा डबा आणला. त्याच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले, माझे स्पर्धेचे कार्ड होते.

“याच्यावर इंगरजी आहे का?”

“नाही. सगळे मराठीच आहे. तुम्ही हे ठेवले होते?”

“ठेवलं होतं. वाचता येत नाही, पन मोह कुठं लिवला आहे ते सुनीतानं दाखवलं होतं. तेवढं मले वयखता येते.” त्यांनी बोट ठेवून दाखवले. बोट बरोबर जागी होते. “तेवढं कापून ठेवा. बाकीचं टाका.”

मी कात्रीने ती ओळ कापून वेगळी केली. उरलेल्या कार्डाचे तुकडे केले. मैदा आणि लोणी लिहिलेला पहिला तुकडा काळा झाला. मी निखारे कमी केले. कृतीचा तुकडा टाकला, त्या ओठ हलवत मोजत राहिल्या, आणि मी तो बाहेर काढून त्यांच्यापुढे धरला. पिवळसर, तांबूस, कडा किंचित गडद. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

“मराठीबी तसाच जळते,” त्या म्हणाल्या. “बाप्पा! इतकी वर्षं उगीच तुमच्या दारी येत होती मी.”

“आता कळले?”

“कळलं. ठेवा आता. भट्टी ऐकून राहिली.”

त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या. आम्ही तोवर जवाहरनगर सोडले होते. दानियलचा फोन आला आणि मी जाऊन आले.

वहीतली कृती सोबत पाठवते. तुमच्या भट्टीला अंशांचे आकडे असतात, त्यामुळे कागद लागणार नाही. तिकडे मोह मिळणार नाही. दुकानातले मनुके घातलेत तरी चालेल, पण तुमच्या घराजवळ कोणत्या झाडाखाली काय पडते ते आधी पाहा आणि मोठ्यांना विचारून मगच तोंडात टाका. जुडी तीनची बांधा. देताना आत काय आहे ते सांगून द्या.

सुनीता अजून दरवर्षी बिस्किटे करते. मागच्या ईस्टरला तिने एक डबा माझ्याकडे पाठवला. झाकणावर, बाहेरच्या बाजूने, कार्डाची ती कापलेली ओळ खळीने चिकटवलेली आहे. मोहफुले, सुकवलेली, अर्धा कप. अक्षर माझे आहे.